आता बसून खा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला तेव्हा मी हसले. म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाली. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत, एक फार्मासिस्ट आहे, त्यांना सोडून व्यायाम आणि वजन या विषयावर मी बोलायचं? ते म्हणाले, "डॉक्टरचं कोणी ऐकत नाही. तुझं ऐकतील, कारण ड्रिलच्या तासाला सगळ्यात जास्त वेळा पोट दुखायचं ते तुझं." हे खरं आहे. ड्रिलचे सर समोर बसले आहेत, म्हणून तीस वर्षांनी कबूल करते : सर, माझं पोट कधीच दुखत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि गेली बावीस वर्षं पुण्यात खुर्चीवर बसून संगणकाचं काम करते. आज जे सांगणार आहे ते स्वतःच्या आणि आईच्या शरीरावर शिकलेलं आहे. त्यातलं शास्त्र मात्र वाचून, आपल्या डॉक्टर मित्रांना विचारून, तपासून घेतलं आहे.

सुरुवात माझ्या एका कागदापासून करते. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला. उंची १५४ सेंटीमीटर, वजन ५८ किलो. त्याखाली एक आकडा लाल अक्षरांत होता : एचबीएवनसी ६.२. हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे उंबरठा. मी उंबरठ्यावर उभी होते.

घरी सगळे म्हणाले, "काहीतरी चुकलं असेल, तू तर बारीक आहेस." मलाही तसंच वाटलं. मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या शेटजींचा आजार, अशी आपली समजूत. मी पुन्हा तपासणी केली, दुसऱ्या ठिकाणी. आकडा तोच.

मग शोधत गेले, आणि उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक नावाचे संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू ठेवला आहे. तिथल्या बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. पण कमी काय होतं? स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला काटकुळं बाळ, आणि आत चरबीचं प्रमाण जास्त.

याच डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ते स्वतः आहेत, आणि शेजारी जॉन युडकिन नावाचे त्यांचे इंग्रज सहकारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकसारखा : २२.३. पण इंग्रज गृहस्थांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिक सरांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच. आतला हिशेब दुपटीहून वेगळा.

म्हणूनच आपल्यासारख्यांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हा असं सांगतात, युरोपियनांसाठी तो आकडा २५ आहे. माझा साडेचोवीसच्या जवळ होता. कमरेचा घेर बाईचा ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषाचा ९० च्या आत हवा. माझा ८६ होता. साडी आणि सैल कुर्त्यात तो कोणाला दिसत नव्हता, मलाही नाही.

याज्ञिकांच्या त्या गावांमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती वाचून मी लॅपटॉप मिटवून ठेवला. ज्या बाया गरोदरपणात जास्त कष्टाची कामं करत होत्या, शेतात, पाणी वाहण्यात, त्यांची बाळं लहान जन्मली होती. माझी आई सांगते, मी झाले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ती वावरात होती. कापसाचे दिवस होते. मी इतकी लहान होते की "ओंजळीत मावे". लहानपणी ही गोष्ट कौतुकाची वाटायची. आता कळतं की माझ्या लाल आकड्याची एक ओळ तेव्हाच लिहिली गेली होती. आपल्यापैकी किती जणांच्या आया अशाच होत्या, हे आठवून बघा. २०२३ साली आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. त्यात जाड दिसणारे सगळे नाहीत.

तर मी ठरवलं, वजन कमी करायचं. बूट आणले. पहाटे साडेपाचला उठून रोज ४५ मिनिटं जोरात चालायला लागले. आणि इंजिनिअर असल्यामुळे पहिल्या दिवसापासून एक्सेलची शीट केली.

हिशेब असा होता. माझ्या वजनाच्या बाईने पाऊण तास भरभर चाललं की बसून राहण्यापेक्षा साधारण १४० कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. नव्वद दिवसांचे १२,६०० कॅलरी. म्हणजे तीन महिन्यांत दीड किलोच्या वर वजन उतरायला हवं. एक दिवस चुकवला नाही. पावसात पार्किंगमध्ये चकरा मारल्या. नव्वदाव्या दिवशी काट्यावर उभी राहिले. उतरलं होतं ६०० ग्रॅम.

त्या दिवशी मी बूट कपाटात टाकले होते. हे सांगते, कारण मला माहीत आहे की या सभागृहात निम्म्या लोकांच्या घरी असे बूट आहेत. काहींच्या घरी सायकलही आहे, तिच्यावर टॉवेल वाळत असतात.

माझा हिशेब कुठे चुकला? गणित बरोबर होतं. शरीर मात्र वहीतल्या जमाखर्चासारखं वागत नाही.

आपण दिवसभरात जी ऊर्जा खर्च करतो, तिचा साधारण साठ-सत्तर टक्के भाग नुसतं जिवंत राहण्यासाठी लागतो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं ही गिरणी झोपेतही चालू असते. एकटा मेंदूच त्यातला पाचवा हिस्सा खातो. दहाएक टक्के खाल्लेलं पचवण्यात जातात. उरलेला भाग हालचालीचा, आणि त्यात ठरवून केलेला व्यायाम म्हणजे लहानसा तुकडा. त्यातून आपण व्यायाम केला की दोन गोष्टी होतात. भूक थोडी वाढते, आणि "आज चाललोय ना" म्हणून आपण उरलेला दिवस जास्त बसतो. पाऊण तासाची कमाई म्हणजे एक दुधासाखरेचा चहा आणि तीन-चार बिस्किटं. मी घरी येऊन तेच खात होते, आणि ते शीटमध्ये लिहीत नव्हते.

अमेरिकेतले हर्मन पॉन्ट्झर नावाचे शास्त्रज्ञ टांझानियातल्या हाड्झा लोकांकडे गेले. हे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून राहतात, दिवसभर पायी फिरतात. २०१२ साली त्यांनी जे मोजलं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं : अंगकाठीचा हिशेब धरला, तर हाड्झांचा दिवसाचा ऊर्जाखर्च अमेरिकेतल्या बैठ्या माणसांपेक्षा फारसा जास्त नव्हता. शरीर एका ठिकाणी जास्त खर्च झाला की दुसऱ्या ठिकाणी काटकसर करतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्या आया महिन्याच्या शेवटी करायच्या, तसंच.

याच पॉन्ट्झर यांनी इतर बऱ्याच देशांतल्या संशोधकांबरोबर २०२१ मध्ये आणखी एक समजूत मोडली. चाळिशी आली की मेटाबॉलिझम, म्हणजे चयापचय, मंदावतं, असं आपण सगळे म्हणतो. मीही म्हणत होते. त्यांनी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापं एकत्र केली. अंगकाठीच्या मानाने पाहिलं तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास तेवढंच राहतं. तेव्हा आपल्या बॅचला ही सबब उरलेली नाही, निदान पुढची चौदा-पंधरा वर्षं तरी. आपले स्नायू घटतात, आपण कमी हलतो आणि ताट तेवढंच राहतं.

ताटाबद्दल एक जुना अभ्यास आपल्याच देशातला आहे. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या तागगिरणीतल्या लोकांचं खाणं, काम आणि वजन मोजलं. मध्यम आणि जड काम करणारे लोक आपापल्या कामाच्या मानाने खात होते. गंमत दिसली ती बसून काम करणाऱ्यांत, दुकानदार आणि कारकुनांत. त्यांचं काम कमी, म्हणून भूक कमी व्हायला हवी. पण ते जड काम करणाऱ्यांएवढंच खात होते, आणि वजन त्यांचंच जास्त होतं. म्हणजे माणूस एका मर्यादेपेक्षा कमी हलायला लागला, की आपल्याला किती हवं हे शरीराला नीट कळेनासं होतं. हा अभ्यास लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

तर बूट कपाटात गेले. आठवड्याने, फक्त पैसे भरलेले होते म्हणून, मी रक्ताची तपासणी केली. एचबीएवनसी ६.२ वरून ५.८. कमरेचा घेर ८६ वरून ८२. रक्तदाबाचा वरचा आकडाही आठने खाली. मी रिपोर्ट तीनदा वाचला. काट्यावर काहीच घडलं नव्हतं, आणि आत एवढं सगळं बदललं होतं.

आमच्या धंद्यात असं होतं. एखादी यंत्रणा बिघडली की आम्ही आधी मीटर पाहतो, आणि कधी कधी तासन् तास वाया गेल्यावर कळतं की आपण पाहत होतो तो मीटरच वेगळ्या गोष्टीचा होता. मी नव्वद दिवस चुकीचा मीटर पाहत होते.

हे होतं कसं, ते साध्या शब्दांत सांगते. जेवल्यावर रक्तात साखर येते. ती ठेवायची मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. स्नायूंच्या पेशींना दार आहे, आणि ते उघडायची किल्ली म्हणजे इन्सुलिन. आपल्यासारख्या 'बारीक पण आतून चरबीदार' लोकांची कोठी मुळात लहान, त्यात पोटातल्या आणि यकृतातल्या चरबीमुळे किल्ली अडकते. साखर बाहेर रक्तातच फिरत राहते. पण निसर्गाने एक मागचं दार ठेवलेलं आहे. स्नायू काम करायला लागला, नुसतं चालायला लागला, की तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. आणि व्यायाम संपल्यावरही काही तास, कधी एक-दोन दिवस, पुढच्या दाराची किल्ली नीट फिरते. म्हणून व्यायाम रविवारी तीन तास करण्यापेक्षा रोज थोडा करणं शहाणपणाचं.

हे फक्त माझ्या एकटीच्या बाबतीत घडलं असतं तर मी इथे सांगितलं नसतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोजचं चालणं आणि खाण्यातला बदल यासाठी सतत मदत केली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. आणि त्यांचं वजन? जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. वजन न उतरताही आजार मागे हटला.

म्हणून वजनाला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाही. ज्यांचं जास्त आहे, त्यांनी ते उतरवलं तर फायदा मोठा आहे. पण उतरतं ते मुख्यतः ताटातून, आणि उतरलेलं परत चढू नये म्हणून कामी येतो व्यायाम. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडे मागितलं की निराशा होते आणि बूट कपाटात जातात.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी खरं तर मी हे भाषण स्वीकारलं.

माझी आई तुमच्यातल्या पुष्कळ जणांना माहीत आहे. आमचं दारव्ह्याजवळ सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. आईचं आयुष्य त्यातच गेलं. २०१८ मध्ये बाबा गेले, आणि मी आईला पुण्याला आणलं. मी ठरवलं होतं, हिने जन्मभर कष्ट केले, आता हिला काडी उचलू द्यायची नाही. स्वयंपाकाला बाई, धुण्याभांड्याला बाई. आई विळी घेऊन बसली की मी काढून घ्यायची. ती झाडू उचलायची, मी ओरडायची. मी तिला रोज एकच वाक्य सांगायची, "आई, आता बसून खा."

आपल्याकडे याच्यापेक्षा मोठं प्रेमाचं वाक्य नाही. मुलगा नोकरीला लागला, सून आली, पेन्शन सुरू झाली, की आपण म्हणतो, आता बसून खा. मी ते अक्षरशः अमलात आणलं. ती बसली, आणि खात राहिली, वावरात असताना खायची तेवढंच. दोन भाकरी, भात, वर मी आणलेली मिठाई. तागगिरणीतल्या कारकुनांसारखं. तिच्या भुकेला काम थांबल्याचं कळलंच नाही.

तीन वर्षांत तिचा एचबीएवनसी ८.१ झाला. पण त्याहून वाईट गोष्ट एका मंगळवारी झाली. मी शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. आई मोरीत खाली बसली, आणि तिला उठता येईना. पडली नव्हती, लागलं नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. जी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालायची, तिच्या मांड्यांत स्वतःला उचलायची ताकद उरली नव्हती. ती मला हाका मारत होती. मी वीस मिनिटांनी हेडफोन काढला.

मी तिला उठवलं, पुसलं, पलंगावर बसवलं. रडत होते मी, ती नाही. ती म्हणाली, "वावरात व्हतो तवा चांगला व्हतो वो बाई मी. तुनं मले बसवलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. वय वाढतं तसे स्नायू घटतात हे खरं, पण वापर थांबला की ते झपाट्याने घटतात. आणि ते जातात तेव्हा ताकदीबरोबर साखर ठेवायची कोठीही जाते. मी आईला आराम देतेय असं समजून या दोन्ही गोष्टी तिच्याकडून काढून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. डॉक्टरांना दाखवलं, औषधं सुरू झाली, ती आजही आहेत. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी तिला दोनदा जमलं. दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं इमारतीच्या आवारात चालायचं. विळी परत दिली. झाडू परत दिला. भाकरी एक झाली, भाजी-वरण वाढलं. सात महिन्यांनी ती सलग बारा वेळा उठबस करत होती, आणि एचबीएवनसी ७ वर आला होता. वजन दोनच किलो उतरलं होतं. आता ती आपल्या गावीच भावाकडे राहते. सकाळी वावरापर्यंत जाते, हरभऱ्याची भाजी खुडते, आणि फोनवर मलाच विचारते, "आज चालली का?"

हे सगळं लिहून मी आपल्या एका मैत्रिणीला काल रात्री वाचून दाखवलं. ती इथेच मागच्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच सांगते. ती अजून मजुरीने कापूस वेचायला जाते. ऐकून ती म्हणाली, "आमचा तं दिवसभर व्यायामच हाय वो. मंग माया अंगात ताकद काहून नाही?"

तिचा प्रश्न माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापूस वेचताना कंबर आठ-आठ तास वाकलेली, ओटीत ओझं, एकच हालचाल हजारदा, आणि किलोवर मजुरी म्हणून थांबायची सोय नाही. स्नायू कामाने थकतो, आणि मग विश्रांती आणि अन्न मिळालं की तो भरून निघतो, पहिल्याहून थोडा मजबूत होतो. हा दुसरा अर्धा भाग मिळाला नाही, तर नुसती झीज होते. व्यायाम म्हणजे मी ठरवलेलं काम, माझ्या वेळेला, पोटभर खाऊन, आणि थकले की थांबायची मुभा असलेलं. ही मुभा मला मिळाली, तिला नाही. तेव्हा तिला मी "चालत जा" असं सांगणार नाही. तिला सांगेन, ताटात डाळ वाढव, अंडं मिळालं तर खा, हिमोग्लोबिन तपास, आणि दुपारी अर्धा तास पाठ टेक. आणि तिची लेक किंवा सून गरोदर असेल, तर शेवटच्या महिन्यांत तिला ओझं उचलू देऊ नको. ओंजळीत मावणारी बाळं पुरे झाली आता.

उरलेल्यांना, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या, बँकेच्या आणि ऑफिसच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना, चारच गोष्टी सांगते.

पहिली, घरी टेप काढून कंबर मोजा. बेंबीच्या जवळ, श्वास न ओढता. फोटो काढताना ओढतो तसा तर नाहीच. आणि वर्षातून एकदा रक्त तपासा, बारीक असलात तरी.

दुसरी, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. जागतिक आरोग्य संघटनाही निदान एवढं सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग हवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पहाटेच काय ते.

तिसरी, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिम नको. उठाबशा, जोर, पाण्याची भरलेली बादली उचलणं पुरे. शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी आपले देशी खेळ करून दाखवले होते. आपल्या भागाला जोर-बैठका कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही.

चौथी, जेवल्यावर बसू नका. दहा मिनिटं चाला. स्नायूंचं मागचं दार उघडायची सगळ्यात योग्य वेळ तीच.

एक सावधगिरी. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि चालताना छातीत दाटलं, दम लागला, तर "गॅस असेल" म्हणून घरी जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा. मागच्या मेळाव्याला आपल्यात असलेले दोघं आज नाहीत. मी जास्त बोलत नाही.

आणि शेवटचं, आपल्यापैकी ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी. त्यांच्या हातातली विळी, झाडू, पाण्याचा तांब्या प्रेमाने काढून घेऊ नका. जड ओझं घ्या, हलकं काम राहू द्या. मी तीन वर्षं ती चूक केली.

आता जेवणाची वेळ झाली आहे. वडाभात आणि कढी आहे असं कळलंय, आणि मी आहारावर बोलले म्हणून कोणी कमी खाऊ नये, आजचा दिवस सोडून. पण एक विनंती आहे. जेवण झालं की कोणी सतरंजीवर आडवं व्हायचं नाही. आपण सगळे मिळून मोतीबाग स्टेशनच्या दिशेने चालत जाऊ. शकुंतला तर आता येत नाही, रूळ तरी बघून येऊ. शाळेत असताना आपण तिच्याबरोबर पळायचो आणि ती इतकी हळू असायची की आपणच पुढे जायचो. सर, आज तुम्ही शिट्टी वाजवा. माझं पोट दुखत नाहीये.